जावेशी बोलण्याचा परवाना

"दोन लिटरचा नको रे, पाच लिटरचाच आण," कुसुमावती फोनवर म्हणाल्या. "मधे इमारती फार आहेत."

शेजारच्या आरामखुर्चीत जयवंतरावांनी वर्तमानपत्र जरा खाली केलं. कुकर आणि इमारती यांचा संबंध त्यांना लागेना. पण परदेशचा फोन चालू असताना मधे बोलायचं नाही हा नियम त्यांनीच घरात केला होता, त्यामुळे ते नुसतेच बघत राहिले.

पलीकडे अमेरिकेत कुसुमावतींचा भाचा समरजित होता. आधी तोही गोंधळला. मावशीनं पत्र पाठवून वॉकीटॉकीची जोडी मागवली होती, आणि आता ती कुकरच्या मापात बोलत होती. मग काका शेजारी बसले असणार हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं हळूच विचारलं, पाच मैलवाला सेट ना?

"तोच. शिट्टी कारेलीबागेतून मांजलपूरपर्यंत ऐकू गेली पाहिजे."

ही गोष्ट त्या वर्षांतली, जेव्हा बडोद्यात कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ निघाले होते, केबलवर रात्रंदिवस गाणी लागत होती, आणि तरीही घरच्या फोनचा नंबर लागेपर्यंत माणसाचे केस पिकत. कारेलीबागेत जयवंतरावांकडे फोन होता. मांजलपुरात त्यांच्या धाकट्या भावाकडे, प्रतापसिंहरावांकडे, अजून आला नव्हता. आला असता तरी कुसुमावतींना त्याचा उपयोग नव्हता, कारण जयवंतरावांचा फोन त्यांच्या खुर्चीला चिकटून होता आणि दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

भावांच्या अबोल्याचं कुसुमावतींना एवढं काही वाटलं नसतं. पुरुषांचं आपसातलं बोलणं एरवी तरी कितीसं असतं? पण त्या अबोल्याखाली दोन जावांचं बोलणंही गाडलं गेलं होतं. कुसुमावती आणि स्नेहलता पंचवीस वर्षं दांडिया बाजारच्या भाड्याच्या घरात एका स्वयंपाकघरात वावरल्या होत्या. कुसुमावतींना मिठाचा अंदाज कधीच आला नाही. आमटीला उकळी आली की त्या पळी उजवीकडे धरायच्या, आणि स्नेहलता पोळी लाटता लाटता मान पुढे करून चाखायची. "चिमूटभर, वहिनी," एवढंच म्हणायची, किंवा नुसतीच मान हलवायची. घर सोडून दोघींचे संसार वेगळे झाले तरी कुसुमावतींचा हात अजून पळी घेऊन उजवीकडे जाई. तिथं आता फ्रिज होता.

अबोल्याचं कारण सांगायला गेलं तर कुणाला पटायचं नाही. प्रतापसिंहरावांच्या मुलीचा, मितालीचा, साखरपुडा होता. जयवंतराव घरातले वडीलधारे म्हणून उभे राहिले, घसा साफ केला आणि व्याह्यांना म्हणाले, "आमच्या घराण्यात एक गोष्ट अशी आहे, की..." तेवढ्यात प्रतापसिंहराव म्हणाले, "दादा, ते नंतर." व्याही पानावर जाऊन बसले. नंतर कुणी विचारलंच नाही. जयवंतराव घरी आले ते गप्प होऊनच. माझं वाक्य माझ्या भावानं चारचौघांत तोडलं, असं त्यांनी कुसुमावतींना एकदाच सांगितलं आणि तो विषय संपला. प्रतापसिंहरावही काही कमी नव्हते. त्यांची नोकरी नंदेसरीच्या कारखान्यात, शहराच्या पार उत्तरेला. पण भावापासून लांब राहायचं म्हणून त्यांनी घर घेतलं दक्षिणेला, मांजलपुरात, आणि रोज कंपनीच्या बसमध्ये अख्खं बडोदं ओलांडू लागले.

बायकांना कुणी बंदी घातली नव्हती. "तुला जायचं तर जा," असं जयवंतराव म्हणाले होते. पण त्या पिढीत "जा" म्हणणाऱ्याच्या आवाजावरून जायचं की नाही ते ठरत असे. तिकडे स्नेहलतेलाही तसंच "जा" मिळालं होतं. मग वर्षातून एखाद्या लग्नात दोघी एका रांगेत जेवायला बसायच्या, तेही मधे कुणीतरी लांबची चुलतसासू. कुसुमावतींना फार मोठं काही बोलायचं नव्हतं. आज काय केलंस, मेथी कशी मिळाली, मितालीला दिवस गेलेत म्हणे, तिला खायला काय सोसतं, एवढंच. एवढंच बोलायला मिळालं तर उरलेलं आयुष्य बरं जाईल, असं त्यांना वाटत होतं.

समरजितला सेट सांगण्याआधी त्यांनी शेजारच्या गणपतरावांचा सल्ला घेतला होता. गणपतराव तार ऑफिसातून निवृत्त झालेले. बिनतारी गोष्टींतलं आपल्याला कळतं, असं ते म्हणत, आणि तसं म्हणणारं सोसायटीत दुसरं कुणी नसल्यामुळे सगळे मानत. त्यांनी बडोद्याचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, कारेलीबाग ते मांजलपूर पट्टी ठेवली आणि चारच्या वर, पाचच्या आत मैल भरतात, असं जाहीर केलं.

"म्हणजे पाच मैलाचा चालेल," कुसुमावती म्हणाल्या.

"हे पाच मैल अमेरिकेतले हं, वहिनी. तिकडे मैलभर शेतात एक घर. माणूस टेकाडावर उभा राहतो, दुसरा समोरच्या टेकाडावर, त्याला ते रेंज म्हणतात. आपल्याकडे मैलभरात मांडवीची अख्खी पेठ बसते. हा आवाज वाकत नाही, सरळ जातो. मधे भिंत आली की अर्धा मरतो. दुसरी आली की..." गणपतरावांनी हात उलटा करून दाखवला. "म्हणून उंच जायचं. गच्ची. गच्चीवर टाकी असली तर टाकी."

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. अशा सेटला परवाना लागतो. हवा सरकारची असते, तिच्यातून बोलायचं तर दिल्लीला अर्ज करावा लागतो, आणि परवाना नसताना बोललं तर सेट जप्त.

"जावेशी बोलायला दिल्लीची परवानगी?" कुसुमावतींनी विचारलं. क्षणभर त्यांना दोन परवानग्या शेजारीशेजारी दिसल्या, एक दिल्लीची आणि एक आरामखुर्चीची. त्यातल्या त्यात दिल्लीची सोपी वाटली. तिथं निदान अर्ज करता येत होता. पण त्यांनी संसारी बाईचा हिशेब केला. आधी आवाज पोचतोय का ते बघावं. पोचलाच नाही तर परवाना कशाला? कुकर आणल्यावर आधी एकदा भात लावून बघतातच ना?

दिवाळीला समरजित आला. सेट पिवळेधमक होते, तळहाताएवढे, वर काळी बोटभर दांडी. एक त्यानं मावशीला दिला आणि दुसरा चिवड्याच्या डब्यात खाली घालून मांजलपूरला स्नेहलतेकडे पोचवला. कसा धरायचा, कुठलं बटण दाबायचं, सगळं शिकवलं. मुख्य म्हणजे बटण दाबून बोलायचं आणि ऐकताना सोडायचं. दोघींनी एकदम दाबलं तर कुणालाच काही ऐकू येणार नाही.

"एका वेळी एकीनंच?" स्नेहलतेनं विचारलं. तिला ते जमेल असं वाटेना. पंचवीस वर्षांत तसं कधी झालं नव्हतं.

वेळ दुपारची ठरली, नवरे झोपले की. प्रतापसिंहरावही दिवाळीनंतर निवृत्त होऊन घरीच होते. गच्चीवर रोज जायला निमित्त हवं, म्हणून कुसुमावतींनी आवळे आणले. आवळा सुपारी वाळवायची तर ऊन लागणार, आणि ऊन गच्चीवरच असतं. पहिल्या दुपारी त्यांनी बटण दाबून "स्नेहल" अशी हाक मारली, सोडलं, आणि कान लावला. पोळी करपल्यावर तव्यावर पाणी टाकावं तसा आवाज आला, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. मग पालथ्या घातलेल्या घमेल्यावर. मग पदर खोचून टाकीच्या लोखंडी शिडीवर, आधी खालच्या पायरीवर आणि आठवड्याभरात वरच्या. मांजलपुरात स्नेहलताही तशीच चढत होती. तिनं निमित्त केसांचं काढलं होतं. रोज दुपारी नाहून केस वाळवायला वर. ऐन थंडीत तिला सर्दी झाली.

इकडे आवळे संपले की नवे आणावे लागत. खंडेराव मार्केटातली आवळेवाली त्यांना लांबूनच हाक मारू लागली. बरण्या भरल्या, मग शेजाऱ्यांच्या बरण्या भरल्या. गणपतरावांकडे सुपारी तीनदा गेली. जयवंतरावांनी एके दिवशी जेवल्यावर समोर आलेली वाटी मागे सारली आणि विचारलं, "कुणाचं लग्न आहे का?"

त्या सगळ्या दुपारींत एकदाच आवाज आला. पौषातली कोरडी, वारं नसलेली दुपार होती. कुसुमावती शिडीवर होत्या आणि सेटमधून अगदी स्वच्छ, शेजारी उभं राहून बोलावं तसं ऐकू आलं, "वहिनी, आज काय केलंय?"

कुसुमावतींचा पाय शिडीवरून सुटता सुटता राहिला. त्यांनी बटण दाबलं आणि सांगायला सुरुवात केली. मेथीची भाजी केली होती, आमटी केली होती, मीठ बहुतेक जास्त झालंय पण हे काही बोलत नाहीत, तू असतीस तर सांगितलं असतंस, मितालीला डिंकाचे लाडू देतेस की नाही, तुझी सर्दी कशी आहे. बोलता बोलता बटण सोडायचं असतं हेच त्या विसरल्या. जेव्हा सोडलं तेव्हा पुन्हा तव्यावरचं पाणी. मांजलपुरात त्यातला किती भाग पोचला, त्यांना कळलं नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी त्या देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या.

आता या सगळ्यात जयवंतरावांच्या झोपेचं काय चाललं होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुपारी ट्रान्झिस्टर छातीवर ठेवून, बारीक गाणी लावून झोपायची त्यांची जुनी सवय. आणि बरोबर डोळा लागायच्या वेळी, रोज, गाण्यात खरखर सुरू होई. ट्रान्झिस्टर बदलून पाहिला, सेल बदलून पाहिले, कूस बदलून पाहिली. शेवटी त्यांनी गणपतरावांना गाठलं. ही खरखर कुणाच्या तरी बिनतारी सेटची असावी, असं गणपतरावांच्या तोंडून निघून गेलं, आणि मग त्यांनी तोंडावर हात ठेवला; पण तोवर उशीर झाला होता.

जयवंतरावांची सारी नोकरी प्रतापनगरच्या रेल्वे कचेरीत तक्रारींना उत्तरं देण्यात गेली होती. तक्रार कशी लिहिली की तिला उत्तर द्यावंच लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी लिहिलं की सोसायटीत कुणीतरी विनापरवाना बिनतारी यंत्र वापरून ज्येष्ठ नागरिकांच्या विश्रांतीत व्यत्यय आणत आहे, सबब कडक कारवाई व्हावी. प्रत तीन ठिकाणी पाठवली. संध्याकाळी कुसुमावतींना वाचूनही दाखवली. "चांगली झालीय," कुसुमावती म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातल्या परातीतले आवळे घरंगळत दिवाणाखाली गेले.

पोलिसांच्या वायरलेस खात्यातले एक फोजदार आले. वयस्क, दमलेले, गुजराती, कुणाला त्रास द्यायचा नाही असा चेहरा. दुपार होती. त्यांनी जयवंतरावांकडून खरखर कशी, कधी, किती वेळ, हे सगळं ऐकून घेतलं आणि छपरावर जाऊन बघू म्हणाले. जयवंतराव पुढं झाले. दोघं जिना चढून वर आले तेव्हा कुसुमावती टाकीच्या शिडीवर उभ्या होत्या, पदर खोचलेला, हातात पिवळा सेट, आणि म्हणत होत्या, "स्नेहल, ऐकतेस का ग? आज हे उठलेत, मी नंतर बोलते."

फोजदारांनी पुढं होऊन शिडी धरली आणि म्हणाले, "धीमे, बा. पहेला नीचे उतरो."

खाली चहा झाला. चहाबरोबर आवळा सुपारी आली, तिच्याकडे जयवंतराव पहिल्यांदाच सगळं समजल्यासारखे बघत होते. फोजदारांनी सेट उलटसुलट करून पाहिला. दुसरा कुणाकडे, असं विचारल्यावर कुसुमावतींनी सांगितलं, माझ्या जावेकडे. जावेचा पत्ता घेताना फोजदारांना आडनाव पुन्हा लिहावं लागलं नाही, आणि तेव्हा त्यांना काहीतरी उमगलं असावं. ते गुजरातीतच समजावून सांगू लागले. बाजारात मुलांची खेळणी असतात, या खोलीतून त्या खोलीत बोलायची. त्याला परवाना लागत नाही. हे तसलं रमकडुं असेल तर आपण कागद बंद करू, आणि बहेन, तुमचं खेळणं तुम्ही ठेवा. पण लांबपर्यंत पोचत असेल तर ते वायरलेस. मग सेट जमा, परवान्याची केस. बघायची माझी साधी रीत आहे. रविवारी सकाळी दोन्ही सेट घेऊन सुरसागरला या. एक माणूस या काठावर, एक त्या काठावर. तळं पार झालं तर वायरलेस. नाही झालं तर रमकडुं. आणि बोलायला घरचे कर्ते पुरुष पाहिजेत. सही त्यांची घ्यायची आहे.

फोजदार गेल्यावर जयवंतराव खुर्चीत जाऊन बसले. कुसुमावतींना वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलतील. पण ते एवढंच म्हणाले, "शिडी गंजलीय ती. पडली असतीस."

गणपतराव संध्याकाळी घाईघाईनं आले आणि सल्ला देऊन गेले. अगदी सोपं आहे, ते म्हणाले. जयवंतरावांनी तिकडून काहीही ऐकू आलं तरी गप्प राहायचं. उत्तर नाही म्हणजे आवाज पोचला नाही, आवाज पोचला नाही म्हणजे खेळणं. केस नाही, काही नाही. सेट वहिनींकडे राहतील.

"गप्प तर राहायचंय," जयवंतराव म्हणाले. "ते मला येतं."

कुसुमावतींनी रविवारपर्यंत देवाला हेच मागितलं. आवाज पोचू नये. चारपाच महिने त्यांनी त्याच देवाकडे आवाज पोचावा म्हणून मागितलं होतं, त्याचा देवाला घोटाळा होऊ नये म्हणून त्या रोज नीट समजावून सांगत होत्या, की फक्त रविवारी, फक्त सकाळी.

रविवारी सुरसागरवर ऊन कोवळं होतं. तळ्याच्या मधोमध शंकराच्या मूर्तीचं काम चाललं होतं, त्याचे बांबू पाण्यात हलत होते. संगीत कॉलेजच्या बाजूच्या कठड्याशी जयवंतराव, कुसुमावती आणि फोजदार उभे राहिले. पलीकडे न्यायमंदिराच्या बाजूला एका हवालदाराजवळ प्रतापसिंहराव आणि स्नेहलता, एवढीएवढीशी दिसत होती. कुसुमावतींनी तिची साडी ओळखली. दांडिया बाजारात असताना दोघींनी एकाच दुकानातून घेतलेली; त्यांची विटली, हिची अजून तशीच होती.

फोजदारांनी हात वर केला. सेटमधून आवाज आला. मधे ना भिंत, ना इमारत, ना टाकी, नुसतं पाणी. अगदी लख्ख आवाज आला.

"हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन."

जयवंतराव गप्प राहिले. फोजदारांनी मुद्दाम दुसरीकडे, चहाच्या टपरीकडे तोंड केलं. त्यांनाही कागद बंद करून घरी जायचं होतं.

"एक, दोन, तीन. ऐकू येतं का?"

जयवंतराव पाण्याकडे बघत होते. कुसुमावती मनातल्या मनात जप करत होत्या. मग पलीकडून, त्या सरकारी आकड्यांच्या आवाजात नव्हे, घरच्या आवाजात आलं, "दादा, तुम्ही वाळलात हो. इथनं दिसतंय."

जयवंतरावांचा अंगठा बटणावर गेला. कुसुमावतींनी तो बघितला. त्यांना हात धरून थांबवता आलं असतं. त्यांनी नाही धरला.

"दुपारची झोप नाही होत," जयवंतराव म्हणाले.

फोजदारांनी सुस्कारा टाकला, खिशातून पेन काढलं आणि कागदावर लिहिलं, वायरलेस.

पण आता दोघांना थांबवणं त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. पलीकडून प्रतापसिंहराव म्हणाले, "दादा, त्या दिवशी तुमचं वाक्य राहिलं. आता सांगा. बटण तुम्ही दाबलंत की मला मधे बोलताच येत नाही."

जयवंतरावांनी बटण दाबलं, घसा साफ केला, आणि तसेच उभे राहिले. "काय होतं ते आता आठवत नाही," ते शेवटी म्हणाले.

"पणजोबांच्या तलवारीचं असणार. दर लग्नात तेच सांगता."

"मग ते सांगायचं नव्हतं?"

"पाहुण्यांची पानं वाढून झाली होती, दादा. पुऱ्या गार होत होत्या."

जयवंतरावांना हे कारण इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं. ते सुचल्यावर त्यांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी बटण दाबलं आणि पणजोबांच्या तलवारीची गोष्ट सुरू केली. संस्थानच्या फौजेत पणजोबा कसे लागले, हत्तीसमोर कसे उभे राहिले, आणि महाराजांनी म्यानासकट तलवार कशी दिली. प्रतापसिंहरावांनी ती लहानपणापासून शंभरदा ऐकली होती, पण दरवेळी हत्ती आला की ते उठून जात. आज त्यांना उठता येत नव्हतं आणि बोलता येत नव्हतं. महाराजांपर्यंत गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच ऐकली. फोजदारांनी चहा मागवला, मग हवालदारासाठीही पलीकडे पाठवला.

हत्तीपर्यंत कुसुमावती तिथं होत्या. मग त्या कठड्याच्या कडेनं चालू लागल्या. समोरच्या काठावर ती साडीही चालू लागली होती. तळ्याला वळसा घालून दोघी मध्यावर, एका फुगेवाल्याजवळ भेटल्या. आणि भेटल्या तशा दोघी एकदम बोलायला लागल्या. सर्दी, मेथी, मितालीचे लाडू, शिडी, आवळे, तू किती ग वाळलीस, तुम्हीच वाळलात. एकीचं थांबायच्या आत दुसरीचं, दोन्ही एकावर एक. कुठल्याही कंपनीच्या कुठल्याही सेटवर त्यातलं अक्षर ऐकू गेलं नसतं, आणि त्या दोघींचं एकही अक्षर चुकलं नाही.

दोन्ही सेट सीलबंद होऊन जमा झाले. दिल्लीहून परवाना आल्याशिवाय मिळणार नाहीत, आणि किती दिवस लागतील हे आपल्याला सांगता येणार नाही, असं फोजदारांनी सांगितलं. अर्जावर दोघा भावांच्या सह्या झाल्या.

घरी आल्यावर जयवंतरावांनी आपली बाजू स्पष्ट केली. प्रतापशी आपण बोललो ते केसच्या संदर्भात. पुढेही बोलू ते केसपुरतंच. सरकारी काम आहे, तिथं वैयक्तिक गोष्टी आणून चालत नाहीत. तिकडे मांजलपुरातही अगदी हेच बोलणं झालं होतं, असं स्नेहलतेनं नंतर सांगितलं.

केसला मात्र कामं फार निघाली. दर शनिवारी प्रतापसिंहराव स्कूटरवरून कारेलीबागेत येत. मागे स्नेहलता असे, कारण जयवंतरावांना घेतल्यावर स्कूटरवर जागा उरत नसे आणि तिला कुठंतरी उतरवायला तर हवं. मग दोघे भाऊ चौकशीला जात. अजून काही आलेलं नाही, हे उत्तर मिळायला पाच मिनिटं लागत. पण ते परत यायचे जेवायच्या वेळेला. वाटेत रावपुऱ्यात सेव-उसळ खाल्ल्याचं जयवंतरावांच्या सदऱ्यावर दिसे. तोवर स्वयंपाकघरात आमटीला उकळी आलेली असे. कुसुमावती पळी उचलत आणि स्नेहलता मान पुढे करी. बऱ्याचदा दोघी काही बोलतही नसत. इतकं बोलायचं साठलं होतं, आणि आता वेळ मिळाल्यावर त्यातलं कितीतरी बोलायची गरजच वाटत नव्हती.

असे उन्हाळ्यापर्यंत गेले. एका शनिवारी भाऊ बाहेर पडल्यावर गणपतराव आले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. दिल्लीत आपला एक जुना तार खात्यातला माणूस वर चढलाय, ते म्हणाले. आजच फोन केला. त्यानं शब्द दिलाय, महिन्याभरात परवाना हातात. केस संपली समजा.

गॅसवर भाजी होती. कुसुमावतींनी झारा खाली ठेवला. स्नेहलतेनं त्यांच्याकडे बघितलं.

"कशाला त्रास घेता, गणपतराव?" कुसुमावती म्हणाल्या. "सरकारी काम आहे. होईल सावकाश."

"त्रास कसला त्यात?"

"नको. खरंच नको," स्नेहलता म्हणाली. "लोकांना कशाला सांगायचं उगाच. तुमचा शब्द खाली जायचा."

गणपतरावांना वाईट वाटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. याच बाईनं आपल्याला सेटसाठी नकाशावर पट्टी ठेवायला लावली होती आणि आता हिला परवानाच नको होता. बायकांचं काही कळत नाही, असं ते मनाशी म्हणाले असावेत. उठता उठता ते कुरकुरले, "तसंही काय, एकदा परवाना मिळाला म्हणजे सुटलो असं नसतंच हे. दरवर्षी नवा करून घ्यावा लागतो. पुन्हा अर्ज, पुन्हा खेपा."

कुसुमावतींनी खुर्ची पुढं सरकवली.

"बसा जरा, गणपतराव. दरवर्षी म्हणता? आणि सह्या? दोघांनाही जावं लागतं?"

"दोघांना. समक्ष."

कुसुमावती स्नेहलतेकडे वळल्या. स्नेहलतेनं मान हलवली.

"मग लावा फोन दिल्लीला," कुसुमावती म्हणाल्या, आणि गणपतरावांसाठी पान वाढायला घेतलं.